हरायचा सराव

तात्यांच्या व्हिसावर ‘ऑफिस बॉय’ असं लिहिलेलं होतं. ऑफिस मात्र त्यांनी वर्षातून एखाद्या वेळी पाहिलं असेल, तेही मेडिकलच्या कागदावर सही करण्यापुरतं. त्यांचं खरं काम एकच होतं. रोज दुपारी, असरच्या नमाजानंतर, आमच्या कंपनीच्या म्हाताऱ्या मालकांसमोर बसायचं, त्यांच्याशी दामा खेळायचा आणि मुद्दाम हरायचं नाही. सबंध अमिरातीत अशी नोकरी करणारा दुसरा माणूस नसावा.

दामा म्हणजे आपल्याकडच्या चेकर्सचा इथला चुलतभाऊ. तसाच चौसष्ट घरांचा पट, तशाच दोन रंगांच्या सोंगट्या, तशीच समोरच्या सोंगटीवरून उडी मारून ती खायची. चेकर्समधली सोंगटी तिरकी चालते, दाम्यातली सरळ, पुढे किंवा बाजूला. पलीकडच्या टोकाला पोचली की ती राजा होते. दोन्हीकडे एक नियम मात्र सारखा. खायला मिळालं की खावंच लागतं. नको म्हणायची सोय नाही. तात्या म्हणायचे, “बुद्धिबळात माणूस आपल्या मर्जीनं मरतो. हितं त्याला जेवायला बोलवून मारायचा.”

मी या कंपनीच्या जबल अलीतल्या ऑफिसात एचआरला आहे. माणसांचे व्हिसे काढणं, रिन्यू करणं आणि वेळ आली की कॅन्सल करणं हे माझं काम. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वडील बार्शीच्या मार्केट यार्डात हमाली करायचे. हे मी लपवत नाही. कुणी विचारलं नाही तरी सांगते. नियम नीट वाचला तर त्यात माणसासाठी कुठेतरी वाट असतेच, असा माझा विश्वास आहे आणि बऱ्याच जणांना मी तशी वाट काढूनही दिली आहे. तात्यांना मला देता आली नाही. म्हणून हे लिहिते आहे.

त्यांची माझी ओळख झाली ती एका सहीपायी. कंपनीच्या लायसन्सवर अजून म्हाताऱ्या मालकांचं नाव होतं. सगळे त्यांना अरबाब म्हणत, म्हणजे धनी. महत्त्वाच्या कागदावर त्यांची सही लागायची आणि त्यासाठी मला ड्रायव्हरबरोबर जुमेऱ्यातल्या त्यांच्या व्हिलावर जावं लागायचं. पहिल्या दिवशी मी मजलिसच्या, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीच्या, दारात फाइल घेऊन उभी राहिले तर आत दोन म्हातारे गालिच्यावर मांडी घालून बसलेले, मध्ये पट, आणि दोघांपैकी एकानंही मान वर केली नाही. डाव संपल्याशिवाय सही नाही, हा तिथला कायदा होता. बराच वेळ गेल्यावर मी ऑफिसला फोन लावला आणि मैत्रिणीला मराठीत म्हटलं की या म्हाताऱ्यांचं आज काही संपत नाही. पाठमोऱ्या बसलेल्या, गळ्यापर्यंत बटणं लावलेल्या पांढऱ्या शर्टातून आवाज आला, “संपंल, बाय. पण जरा हळू बोल. अरबाबांना मराठी येत नाय, पण वैतागलेला सूर कुठल्याबी भाषेत कळतो.”

डाव संपल्यावर त्यांनी मला कुठली म्हणून विचारलं. बार्शी म्हटल्यावर म्हणाले, “घाटावरची. तरीच येवढी घाई.” ते स्वतः गुहागर तालुक्यातले. त्या दिवसापासून मी त्यांची ‘बाय’ झाले. ऑफिसात मला सगळे मॅडम म्हणतात आणि ते मला आवडतं, कमावलेलं आहे. पण तात्यांनी मॅडम म्हटलं असतं तर मला वाईट वाटलं असतं.

खेळताना तात्या उजवा हात मांडीखाली दाबून बसायचे. चाल पक्की ठरली की मगच तो बाहेर काढायचा, सोंगटी सरकवायची आणि हात परत मांडीखाली. मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, “डोकं शहाणं असतं गं, हात हावरा असतो. त्याला बसवून ठेवायला लागतो.” आणि एकदा सोंगटीवरून बोट उचललं की चाल झाली. परत घेणं नाही. अरबाबही घेत नसत. दोघांनीही एकमेकांना अशी सवलत कधी दिली नव्हती.

तात्या इथे आले ते माळीकाम करायला. तेव्हा दुबईत आजच्यासारखे टॉवर नव्हते. दुपारच्या सुट्टीत व्हिलामागच्या भिंतीच्या सावलीत ते आणि एक पठाण ड्रायव्हर पुठ्ठ्यावर घरं आखून बाटल्यांच्या बुचांनी खेळायचे. बुचं पालथी ठेवली की एक रंग, उताणी ठेवली की दुसरा. अरबाब एकदा मागच्या दाराने आले आणि उभ्याउभ्या बघत राहिले. मग पठाणाला उठवून स्वतः पुठ्ठ्यासमोर बसले. तरुणपणी ते खजूर घेऊन मुंबईच्या बंदरात यायचे, त्यामुळे हिंदी त्यांना चांगली येत होती. तात्या सपाटून हरले. अरबाब म्हणाले, कल फिर. पुढचे कित्येक महिने तात्या रोज हरत होते आणि रोज बोलावणं येत होतं. ज्या दिवशी पहिल्यांदा जिंकले त्या दिवशी त्यांना वाटलं, आता गावी जावं लागणार. अरबाबांनी स्वतःच्या हाताने त्यांना कहावा, इथली कॉफी, ओतून दिला. झाडांना पाणी घालायला दुसरा माणूस आला आणि तात्यांचं काम बदललं.

मुद्दाम न हरण्याचा नियम कुठून आला, तेही त्यांनी मला सांगितलं होतं. सुरुवातीच्या एका ईदला घर पाहुण्यांनी भरलं होतं, भाऊबंद डाव बघायला जमले होते. तात्यांना वाटलं, सणाच्या दिवशी चारचौघांत धन्याला जिंकू द्यावं. त्यांनी एक सोंगटी हळूच उघडी टाकली. अरबाबांनी ती खाल्ली, नियमच तसा, पण पाहुणे गेल्यावर पट गुंडाळून ठेवला आणि कितीतरी दिवस तात्यांना आत बोलावलं नाही. मग एक दिवस बोलावून एवढंच म्हणाले, “मेरे से हारने वाले बहुत हैं. तेरे को उसके लिए नहीं रखा.” तात्या हे वाक्य अगदी अरबाबांच्या आवाजात म्हणून दाखवायचे.

बापाने नोकराशी मांडीला मांडी लावून बसावं हे घरात सगळ्यांनाच पटलेलं होतं असं नाही. थोरले चिरंजीव, म्हणजे आजचे आमचे साहेब, तेव्हा परदेशात शिकत होते. एका सुट्टीत त्यांनी बापासाठी चेकर्स खेळणारं यंत्र आणलं. या घरात आलेला तो पहिलाच कॉम्प्युटर. तपकिरी प्लास्टिकचा पट, बाजूला बटणं, कोपऱ्यात लाल आकडे उमटायचे. कुठल्या घरातून कुठल्या घरात हे बटणांनी सांगायचं, की ते विचार करून आपली चाल आकड्यांत दाखवायचं. अरबाबांनी सोंगटी सरळ चालवली. यंत्र ओरडलं. पुन्हा चालवली, पुन्हा ओरडलं. ते तिरकं चालणाऱ्या खेळाचं यंत्र होतं. इथल्या दाम्याचं असं काही कुणी बनवलंच नव्हतं, आणि चिरंजिवांनी डबा घेताना हे बघितलं नव्हतं. अरबाब म्हणाले, हा भांडतो पण चहा पीत नाही. आणि यंत्र तात्यांच्या मांडीवर ठेवलं, तूच शिकव याला सरळ चालायला.

यंत्र काही सरळ चाललं नाही. तात्याच तिरकं शिकले. व्हिलामागच्या आपल्या खोलीत ते त्याला सगळ्यात वरच्या पातळीवर लावायचे. त्या पातळीवर ते यंत्र एका चालीला तासन्‌तास घ्यायचं. तात्या सकाळी आंघोळ करून आपली चाल द्यायचे, दार ओढून कामाला लागायचे आणि संध्याकाळी येऊन त्याचं उत्तर बघायचे. एक डाव महिना महिना चालायचा. कुणी हसलं तर म्हणायचे, त्यालाबी ड्युटी नको? मी बसून खायला घालू काय? एकदा खोलीतल्या नव्या सोबत्याने मोबाइल चार्ज करायला त्याची पिन काढली आणि तीन आठवड्यांचा डाव गेला. तात्या रागावले नाहीत. सोबत्याला म्हणाले की बाबा रे, तो विचार करत होता, झोपला नव्हता.

त्या यंत्राबरोबरचं इंग्रजी माहितीपुस्तक त्यांनी जपून ठेवलं होतं आणि जो कुणी शिकलेला भेटेल त्याच्याकडून ते वाचून घ्यायचे. माझ्याकडूनही घेतलं. मी त्यांना सांगितलं की यात दिलेली चाल परत घ्यायचं बटण आहे, तुम्ही इतकी वर्षं ते वापरलंच नाही. त्यांनी मला ते पान दुमडून ठेवायला सांगितलं. म्हणाले, कुणाला दिसायला नको.

गणपतीला ते आमच्या डिस्कव्हरी गार्डन्सच्या घरी यायचे. माझ्या मुलीने त्यांना टॅबवरचं चेकर्स दाखवलं. तात्यांनी चाल केली की बोट उचलायच्या आत समोरची चाल आलेली असायची. दोन-तीन चालींनंतर त्यांनी टॅब हळूच पालथा ठेवला. मुलगी म्हणाली, “बट यू वेअर विनिंग, आजोबा.” तात्या मला म्हणाले, “ह्याला विचारच करायला लागत नाय. मग हा खेळतो कशाला?” पण यंत्राबद्दलही त्यांचं मत फार बरं नव्हतं. ते म्हणायचे, चांगला हाय, पण त्याला राग येत नाय. अरबाबांना राग येतो. ज्याला राग येतो त्याच्याशी खेळण्यात मजा.

मग अरबाब विसरायला लागले.

आधी नावं गेली. मग कोणता मुलगा कोणता ते गेलं. सह्यांचे अधिकार साहेबांच्या नावावर झाले, त्यामुळे माझं व्हिलावर जाणं कमी झालं, पण तात्यांच्या कागदांच्या निमित्ताने मी जात राहिले. अरबाबांना सांभाळायला बिजू नावाचा केरळचा नर्स ठेवला होता, शांत, कामसू मुलगा. त्याने मला एक गोष्ट दाखवली. तात्या दुपारी आत यायचे, समोर बसायचे आणि अरबाब परक्या माणसाकडे बघावं तसं त्यांच्याकडे बघायचे. खेळ सुरू व्हायचा. हात अजून सगळं जाणत होते. चार-पाच चाली झाल्या की म्हाताऱ्याचा चेहरा एकदम उघडायचा. “अच्छा, तू है,” म्हणायचे. रोज. तोंड बघून त्यांना तात्या ओळखू येत नव्हते. चाल बघून येत होते.

बिजू म्हणाला की दिवसभरात बाबा एकाच माणसाला ओळखतात आणि तेही फक्त पटावर.

पण त्यांचा खेळही हळूहळू उतरत गेला आणि तात्या जिंकत राहिले, कारण तेच त्यांना सांगितलेलं होतं. एका दुपारी अरबाब हरले आणि भडकले. आपण आयुष्यात कधी हरलोच नाही अशी त्यांची खात्री झाली होती. त्यांनी पट भिरकावला, उठून उभं राहायला गेले आणि तोल जाऊन टेबलाच्या कडेवर आपटले. कपाळाला टाके पडले. साहेब ऑफिसातून धावत गेले. मी फाइल घेऊन त्यांच्या मागे होते, म्हणून पुढचं बोलणं मी स्वतः ऐकलं.

साहेबांनी तात्यांना व्हरांड्यात बोलावलं. आवाज चढवला नाही. साहेब वाईट माणूस नाहीत, हे मला इथे लिहायलाच हवं. बापाला रोज रात्री ते स्वतः भरवतात. ते एवढंच म्हणाले की आजपासून बाबांना जिंकू द्यायचं. रोज. डॉक्टरांनी सांगितलंय, त्यांनी चिडता कामा नये.

तात्या म्हणाले, “साब, उनको पता चलेगा.”

साहेब त्यांच्याकडे बघत म्हणाले, “तात्या, उनको मेरा नाम पता नहीं है.”

तात्या आत जाऊन विखुरलेल्या सोंगट्या गोळा करायला लागले.

त्यांना हरता येईना. हे ऐकायला गमतीचं वाटेल. आपणच आपली सोंगटी पुढ्यात नेऊन ठेवायची आणि समोरच्याने ती खायची, यात अवघड काय? पण अरबाबांना आता पुढ्यातलं दिसायचं नाही. तात्या एक सोंगटी उघडी टाकायचे, ते भलतीच चालवायचे. तात्या दोन टाकायचे, ते एक नेऊन तात्यांच्या तोंडात द्यायचे, आणि नियमाने तात्यांना ती खावी लागायची. बिजूने सुचवलं, बोट दाखवून सांगा ना. तात्यांनी बोट दाखवलं, “अरबाब, खाओ.” अरबाबांनी पट बघितला, तात्यांकडे बघितलं आणि संशयाने विचारलं, “क्यों खाऊँ?”

त्या आठवड्यात तात्यांचा मला फोन आला. बाय, ते पुस्तक घेऊन ये, एक विचारायचंय. मी शुक्रवारी घरचं आटपून गेले. खोलीत ते यंत्रासमोर बसले होते. त्यांना सगळ्यात खालची पातळी कशी लावायची ते हवं होतं. इतक्या वर्षांत त्यांनी त्या पातळीला हातच लावला नव्हता. मी वाचून बटण दाबून दिलं. यंत्र आता क्षणात चाल करायचं आणि लहान मुलासारखं खेळायचं. तात्या त्याच्याशी हरायचा प्रयत्न करत होते. कोपऱ्यात नेऊन ठेव, रांग मोडून टाक, राजा झाला की तो तोंडाशी दे. मी विचारलं, हे काय चाललंय? म्हणाले, “शिकतोय. ज्याला काय येत नाय त्याच्याशी हरायचं कसं, ते मला कुणी शिकवलंच नाय.”

मी म्हटलं, तात्या, हे तिरकं चालतं, तिथला खेळ सरळ. त्याचा याला काय उपयोग?

“माहीत हाय गं. पण ह्याच्याशिवाय माझ्याशी इतकं वाईट खेळणारा मी कुठून आणू?”

आणि तेही नीट जमेना. यंत्र कितीही अडाणी केलं तरी नियम पाळायचं. खायला दिलं की खायचं. अरबाब तेवढंही करत नव्हते.

मग मी माझं डोकं चालवलं. मला वाटलं, हरायचंही नाही आणि जिंकायचंही नाही, अशी मधली वाट आहेच की. दोघांकडे एकेक राजा ठेवायचा आणि डाव बरोबरीत सोडायचा. साहेबांनाही बोल लावता येणार नाही, तात्यांचाही नियम मोडणार नाही. मला माझ्या युक्तीचं कौतुक वाटलं, खोटं कशाला सांगू. तात्यांनी ती दुसऱ्याच दिवशी करून पाहिली. पटावर एक काळा राजा आणि एक पांढरा राजा उरले. तात्या म्हणाले, खलास अरबाब, बराबर. अरबाबांना बरोबरी म्हणजे काय ते आठवेना. दोन सोंगट्या आहेत म्हणजे खेळ आहे. ते आपला राजा या टोकाकडून त्या टोकाकडे नेत राहिले. मगरीबची नमाज होऊन अंधार पडला, औषधाची वेळ झाली, जेवण निवून गेलं, ते उठेनात. बिजूने हात लावला तर त्याला ढकललं. शेवटी बसल्या जागी ग्लानी आली तेव्हा त्यांना उचलून न्यावं लागलं. बिजूने मला मेसेज केला, मॅडम, प्लीज, हे पुन्हा नको.

नियम वाचून वाट काढणारी मी. माझी वाट ही अशी निघाली.

अखेर तात्यांना हरणं जमलं. ते अरबाबांचा हात हळूच धरून योग्य सोंगटीवर ठेवायला लागले होते, नातवाला अक्षर गिरवायला शिकवावं तसे. त्या दुपारी मी मेडिकलचे कागद घेऊन गेले होते. तात्यांच्या सगळ्या सोंगट्या खाऊन झाल्या. बिजूने टाळ्या वाजवल्या, बाबा जीत गया. अरबाब हसले नाहीत. पटाकडे कितीतरी वेळ बघत राहिले. मग बिजूला विचारलं, “ये कौन है?”

“तात्या है, बाबा. आपका तात्या.”

“नहीं,” अरबाब म्हणाले. अगदी शांतपणे, सभ्यपणे, परक्या पाहुण्याबद्दल बोलावं तसं. “तात्या ऐसा नहीं खेलता. इसको चाय पिलाओ और भेज दो. मेरे आदमी को बुलाओ.”

तात्यांनी चहा घेतला. बाहेर आल्यावर त्यांनी चपला घातल्या आणि तिथेच उभे राहिले. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं की उद्या विसरतील. ते म्हणाले, “विसरले असते तर बरं झालं असतं, बाय. ते विसरले नायत. त्यांनी बरोबर ओळखलं.”

दुसऱ्या दिवशी तेच झालं, तिसऱ्या दिवशी तेच. तात्या नीट खेळले तर साहेबांचा हुकूम मोडत होता आणि म्हाताऱ्याला इजा व्हायची भीती होती. हरले तर अरबाब त्यांना घरातून घालवून देत होते आणि दारापाशी त्यांचीच वाट बघत बसत होते. दोन्हीकडून खावंच लागत होतं. साहेबांच्या कानावर एवढंच गेलं की बाबा स्वतःच म्हणतात, या माणसाला पाठवून द्या.

नेमका तेव्हाच तात्यांचा व्हिसा संपत आला. व्हिसा मिळायचं त्यांचं वय केव्हाच उलटून गेलं होतं. इतकी वर्षं अरबाबांच्या शब्दावर तो रिन्यू होत होता. मी साहेबांना भेटले. चांगलं दोन पानांचं पत्र लिहून नेलं, मुद्देसूद. तात्या हरतात म्हणून बाबा त्यांना ओळखत नाहीत, जिंकले की ओळखतात, हे समजावून सांगितलं. साहेबांनी सगळं वाचलं. मग मला विचारलं, “आणि उद्या तो जिंकला, आणि बाबा पुन्हा पडले, तर? तुम्ही सांगा. मी काय करू?” कॅन्सलेशनचे कागद माझ्याच टेबलावर आले आणि मीच ते भरले.

तात्यांना गावी घर आहे, बायको आहे, मुलगा चिपळूणला नोकरीला आहे. पोटाची चिंता नव्हती. त्यांनी फार तक्रारही केली नाही. एकच बोलले. “जायचं दुःख नाय मला. न सांगता चाललोय, त्याचं हाय. माणूस समोर बसलाय, त्याला रोज सांगतो की अरबाब, चाललो, आणि तो म्हणतो तू कोण.”

जायच्या आदल्या दिवशी मी त्यांची शेवटची सही घ्यायला व्हिलावर गेले. कागदावर सही करून त्यांनी तो मला परत दिला. साहेब तिथेच होते. त्यांनीच सांगितलं, बाबांना भेटून घे. तात्या म्हणाले, “एक डाव, साब.” साहेबांनी मान हलवली आणि स्वतः दारात येऊन उभे राहिले. बिजू अरबाबांच्या अगदी जवळ बसला, पडले तर धरता यावं म्हणून.

पहिल्या दोन चालींतच मला कळलं की तात्या आज हरणार नाहीत. साहेबांनाही कळलं असावं. त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं आणि तिथेच थांबले. तात्या कुठेही बोट दाखवत नव्हते, हात धरत नव्हते. शांतपणे, एकामागून एक खात होते. अरबाबांनी एक चाल केली, दुसरी केली, आणि मग सोंगटी हातातच धरून त्यांनी मान वर केली.

“कब आया?”

“आज ही, अरबाब.”

“गाँव में सब ठीक?”

“सब ठीक.”

“कितने दिन बैठा उधर,” अरबाब कुरकुरले. “इधर किसको किसको भेजते हैं ये लोग मेरे पास. खेलना नहीं आता किसी को.”

तात्यांनी पुढची चाल केली. डाव पुढे चालला आणि अरबाब हरले. बिजूने त्यांच्या पाठीमागे हात नेला. साहेबही पुढे सरकले. अरबाबांनी पट नीट निरखून पाहिला, कुठे चुकलं ते बोटाने शोधलं, आणि तात्यांच्या गुडघ्यावर एक चापट मारली. “चोर,” म्हणाले आणि हसले. कपाळावरची टाक्यांची खूण हसण्याने वर गेली.

“कल जल्दी आना. असर से पहले.”

तात्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात सही झालेला कागद होता आणि तो मी पाठीमागे घेतला, दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

“सुना क्या?” अरबाबांनी विचारलं.

“सुना, अरबाब,” तात्या म्हणाले.